टायर, पहिला पाऊस आणि मेलेले कोहो: कुठले टायर घ्यावेत?

पाणकावळा | शनिवार, रात्री ९:४०

वेस्ट सिएटलमध्ये आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर लाँगफेलो क्रीक आहे. क्रीक म्हणजे आपला ओढाच. काही ठिकाणी पाइपातून जातो, मधेमधे उघडा, दोन्ही अंगांना डेल्रिजची वस्ती आणि रस्ते, शेवटी ड्युवामिश नदीला मिळतो. शरदात या ओढ्यात समुद्रातून कोहो सॅमन अंडी घालायला चढून येतात. भर शहरात!

पंधरा दिवस कोरडे गेल्यावर काल रात्री पाऊस कोसळला. आज सकाळी लेकीला मासे दाखवायला घेऊन गेलो. एक मादी दिसली, चांगली हातभर. पण ती पाण्याच्या अगदी वरच्या थरात गोल गोल फिरत होती. तोंड आ वासलेलं, पर ताठ पसरलेले. एका कुशीवर कलंडायची, कशीबशी सरळ व्हायची, की जाऊन दगडावर आपटायची. दारू प्यायल्यासारखी. पाऊण तासात आमच्यासमोर संपली.

तेवढ्यात मासे मोजणारे दोन स्वयंसेवक आले, छातीपर्यंत रबरी विजारी घातलेले. त्यातल्या बाईंनी मादीचं पोट चिरून दाखवलं. आत भिजवलेल्या साबुदाण्याएवढी नारिंगी अंडी गच्च. एकही घातलेलं नाही. वहीत नोंद केली, पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून शेपटी कापली आणि मासा परत ओढ्यात ठेवला. लेकीने विचारलं, का मेली? बाई म्हणाल्या, गाड्यांच्या टायरमुळे.

मला वाटलं, मुलांना सांगायची गोष्ट असेल. घरी येऊन वाचत बसलो तर अक्षरशः खरं निघालं. टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायरची झीज रस्त्यावर साचते, पाऊस ती धुऊन गटारात नेतो, गटार ओढ्यात. आणि कोहो मरतात.

आता प्रश्न. माझ्या गाडीचे टायर गोटा झालेत, पुढच्या आठवड्यात बदलायचेत. ६पीपीडी नसलेला टायर मिळतो का? दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

वेंधळा | रात्री ९:५२

आजच सॅमन आणलाय. मॅरिनेट करून झाल्यावर हा धागा दिसायचा होता.

सुकट | रात्री १०:०५

वेंधळा, बिनधास्त खा. मासा मरतोय, तू नाही.

अवांतर: मुंबईत रावसाला इंडियन सॅमन म्हणून हॉटेलवाले विकतात म्हणून कोणी घाबरायच्या आधीच सांगतो, रावसाचा आणि सॅमनचा काडीचा संबंध नाही. रावस वेगळ्या कुळातला. त्याला गळ्याखाली मिशांसारखे धागे असतात.

आजोबा६२ | रात्री १०:३१

पण पाणकावळा, सॅमन तसेही अंडी घालून मरतातच ना? लेकाकडे आलो होतो तेव्हा इसाक्वाच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) पाहिलं होतं. मेलेल्या माशांचा खच होता. मग दोन दिवस आधी काय आणि नंतर काय?

पाणकावळा | रात्री १०:४४

आजोबा, तिथेच तर मेख आहे. मरायला हरकत नाही, अंडी घालून मरा. कोहो तीन वर्षांचं आयुष्य घेऊन येतो. वर्ष-दीड वर्ष ओढ्यात, मग समुद्रात, आणि शेवटी याच पाण्यात परत. मादीच्या पोटात अडीच-तीन हजार अंडी असतात. ती अंगणात पाय ठेवून उंबऱ्यावर मेली तर पुढची पिढीच नाही. इथल्या शहरी ओढ्यांत काही वर्षी आलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे असे अंडी घालायच्या आधीच गेलेत.

आजोबा६२ | रात्री १०:५०

अरेरे. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक दारातच गेली म्हणायची.

रबरी_शिक्का | रविवार, सकाळी ७:१५

माझा प्रांत आहे म्हणून सविस्तर लिहितो. सत्तावीस वर्षं वाळूजला रबर कंपाउंडिंगमध्ये काढली (कंपनीचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे).

मूळ प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. बाजारातला कुठलाही साधा टायर घ्या, महाग घ्या, स्वस्त घ्या, ६पीपीडी त्यात असणारच. वजनाच्या ०.४ ते २ टक्के. मोटारीचा एक टायर दहा किलोचा धरा, म्हणजे ४० ते २०० ग्रॅम.

का घालतात ते कोणी विचारत नाही. ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो. जुन्या रबरबँडला ताणलं की बारीक चिरा दिसतात, तेच टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर होतं. उभ्या गाडीसाठी आम्ही मेण घालतो. ते पृष्ठभागावर येऊन पातळ पडदा धरतं. पण गाडी धावायला लागली की टायर प्रत्येक फेरीत चेपतो आणि फुगतो, पडदा फाटतो. तिथे पीपीडी लागतं. ते रबराच्या आतून हळूहळू बाहेर झिरपतं आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनला सामोरं जातं. टायर जुना झाला की गालावर जो तपकिरी रंग चढतो, आपण धुतो आणि तो परत येतो, त्याला आम्ही ब्लूमिंग म्हणतो. त्यात पीपीडीचाच हात असतो.

म्हणजे जो गुण म्हणून घातला, तोच इथे अंगाशी आला. ते ओझोनशी भिडण्यासाठीच आहे, आणि भिडल्यावर जे उरतं ते क्विनोन. गेली पन्नास-साठ वर्षं आम्ही ६पीपीडी वापरतोय. काढून टाका म्हणणं सोपं आहे. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगात टायर फुटला तर काय होतं, हे पुणे-मुंबई करणाऱ्यांना सांगायला नको.

शेवंती | सकाळी ८:०२

रबरी_शिक्का, दंडवत. मेणाचं माहीतच नव्हतं.

हे कसं सापडलं ती गोष्ट तर पोलिसी तपासासारखी आहे. मी रसायनशास्त्राची, त्यामुळे थोडं सहन करा.

सिएटलने ओढे साफ केले, काठांवर झाडं लावली, मासे वर जावेत म्हणून अडथळे काढले. मासे परत आले. सगळे खूश. आणि मग मोजायला गेलेल्यांना आलेले कोहो तडफडून मरताना दिसायला लागले. साधारण २००० सालापासून नीट नोंदी आहेत. संशयित एकेक करून सोडून दिले: पाण्याचं तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशकं. मग जेनिफर मॅकइन्टायर आणि इतरांनी सिएटलमधल्या रहदारीच्या रस्त्यावरून वाहिलेलं पावसाचं पाणी गोळा केलं आणि निरोगी कोहो त्यात सोडले. सगळे मेले. हे प्रयोग सुक्वामिश या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हॅचरीत झाले, ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. गंमत अशी की रस्त्यावर असतात ते धातू आणि तेलातली हायड्रोकार्बनं मोजूनमापून पाण्यात घातली, तर मासे मजेत. म्हणजे मारेकरी तिसराच.

मग टायरचा कीस पाण्यात भिजवला. मासे मेले. पण त्या पाण्यात दोन हजारांच्या वर रसायनं! टकोमाच्या प्रयोगशाळेत झेन्यू तियान आणि मंडळींनी त्या पाण्याचे भाग पाडले. प्रत्येक भाग माशांवर तपासायचा, जो मारतो त्याचे आणखी भाग पाडायचे. शेवटी उरला एकच पदार्थ: १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायरमध्ये काय काय घालतात त्या याद्यांत असं काहीच नव्हतं. आणि मग तियानच्या डोक्यात प्रकाश पडला. टायरमधल्या ६पीपीडीत १८ कार्बन, २ नायट्रोजन आणि २४ हायड्रोजन असतात. म्हणजे वाटेत दोन हायड्रोजन गळालेत आणि दोन ऑक्सिजन चिकटलेत. कारखान्यात कोणी बनवतच नव्हतं, रस्त्यावर आपोआप तयार होत होतं! यादीत सापडणार कसं? डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

किती लागतं ते वाचून मी दोनदा शून्यं मोजली. आधीचा अंदाज लिटरला ८०० नॅनोग्रॅमच्या आसपास होता. शुद्ध नमुना हाती आल्यावर २०२२ मध्ये तो ९५ वर आला. एवढ्यात निम्मे कोहो मरतात. ऑलिंपिकच्या तरणतलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. त्यात पाव ग्रॅम टाकलं की झालं.

वेंधळा | सकाळी ८:१०

पाव ग्रॅम म्हणजे चिमटीत येणाऱ्या मिठापेक्षा कमी. आणि माझ्या चार टायरांत मिळून अर्धा किलो वगैरे आहे. मी बसने जातो.

सुकट | सकाळी ८:१३

बसला सहा टायर असतात रे, मोठे.

शेवंती | सकाळी ८:२१

वेंधळा, सगळं क्विनोन होत नाही, आणि टायर आयुष्यभरात किलो-दीड किलोच झिजतो. उरलेला भंगारात जातो. पण हो, हिशेब जीव घाबरवणारा आहे.

तिरकस | सकाळी ९:४०

सकाळी सकाळी रडारड वाचली. सॅमन कमी झाले ते धरणांमुळे, बेसुमार मासेमारीमुळे, जंगलतोडीमुळे, समुद्र तापल्यामुळे. शंभर वर्षांचं पाप आहे. आता टायर सापडले की सगळं टायरवर ढकलायचं. उद्या म्हणाल चपलांचे सोलही झिजतात.

शेवंती | सकाळी १०:०५

तिरकस, धरणांबद्दल बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, क्लॅमथवरची चार २०२४ पर्यंत. ती पाडावी लागलीच. पण लाँगफेलो ओढ्यातली ती मादी समुद्र, सील, जाळी सगळं पार करून घरापर्यंत पोचली होती. तिला कुठल्या धरणाने मारलं?

आणखी एक. त्याच पाण्यात चम सॅमन सोडले तर ते बहुतेक जगतात. कोहोचा सख्खा चुलतभाऊ! पाण्यात सरसकट काही वाईट असतं तर दोघांनाही भोवलं असतं. ब्रूक ट्राउट आणि रेनबो ट्राउटही मरतात. स्टर्जनला काही होत नाही. झेब्राफिश, जो आपल्या भारतीय उपखंडातलाच, रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला, तोही ढिम्म.

तिरकस | सकाळी १०:३०

चमचा मुद्दा बरा आहे. तेवढा मान्य. रडारड मागे घेत नाही.

गुळपोळी | सकाळी ११:१८

इथल्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना एक नम्र प्रश्न. बॅटरीमुळे गाडी जड, पिकअप जोरात, म्हणून टायर लवकर झिजतात. खरं ना? मंडळाच्या पिकनिकला माझ्या पेट्रोल गाडीकडे बघून नाकं मुरडणारे कुठे गेले?

खडीसाखर | सकाळी ११:२५

आम्ही इथेच आहोत. नाक मुरडलेलंच आहे. धूर सोडून वर टायरही झिजवणाऱ्यांनी बोलू नये.

गुळपोळी | सकाळी ११:२६

:)

मावळतीकर | दुपारी १:५०

कोणी जमातींबद्दल फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी टकोमाला राहतो, प्युॲलप जमातीच्या हद्दीच्या शेजारीच. यांच्यासाठी सॅमन म्हणजे नुसतं जेवण नाही, कायदेशीर हक्क आहे. १८५४ च्या मेडिसिन क्रीक करारात जमिनी सोडताना त्यांनी मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. पुढे राज्य सरकार त्यांनाच मासे धरले म्हणून पकडायला लागलं. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की करारातल्या जमातींचा धरता येण्याजोग्या माशांच्या निम्म्यावर हक्क आहे. आता गंमत बघा, निम्मे मिळाले, पण कशाचे निम्मे? ओढ्यात येऊन मरणाऱ्यांचे?

म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि प्युॲलप या तीन जमातींनी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेकडे (ईपीए) अर्ज केला की टायरमधल्या ६पीपीडीवर नियम करा. नोव्हेंबरात तो अर्ज स्वीकारला गेला. त्याच महिन्यात मच्छीमारांच्या संघटना टायर कंपन्यांविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात गेल्या. कॅलिफोर्नियाने १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम केलाय की ६पीपीडीचे टायर विकायचे तर त्याला पर्याय काय, याचा अभ्यास करून दाखवा. बंदी नाही, गृहपाठ. पण गृहपाठ तरी लागला.

रबरी_शिक्का | दुपारी २:३५

गृहपाठ अवघड आहे. आमच्या धंद्यात पीपीडीची भावंडं आहेत: आयपीपीडी, ७पीपीडी वगैरे. पण भावंड म्हटलं की तेही ओझोनशी भिडून आपापलं क्विनोन बनवणार. एक विष काढून दुसरं बसवलं तर वीस वर्षांनी हाच धागा वर येईल. आयपीपीडी आम्ही हाताळलंय, कामगारांच्या हातांना ॲलर्जी यायची. बॅनबरीवरचा (रबर मिसळायच्या यंत्रावरचा) एक जण गोण्या फोडताना फुलशर्ट, मोजे, वर गमछा गुंडाळून यायचा. आम्ही त्याला नवरदेव म्हणायचो. माशांसाठी सोडा, त्याच्यासाठी तरी लवकर काही शोधायला हवं होतं असं आता वाटतं.

खडीसाखर | दुपारी ३:१०

न्यू जर्सीतून काळजीपोटी विचारते. मुलगा ज्या कृत्रिम हिरवळीवर सॉकर खेळतो तिथले काळे दाणे म्हणजे जुन्या टायरचाच भुगा ना? दर शनिवारी बुटांतून वाटीभर निघतो. त्यातही हे असणार?

शेवंती | दुपारी ३:४०

खडीसाखर, हो, त्या भुग्यात सापडलंय. दक्षिण चीनमध्ये लोकांच्या लघवीतही सापडलंय. म्हणून घाबरून खेळ बंद करू नकोस. सापडणं आणि कोहोसारखं तडकाफडकी मरणं यात फार अंतर आहे. बूट दाराबाहेर झाडायचे, आल्यावर हातपाय धुवायचे. आपल्या आज्या हेच सांगायच्या. फक्त भुगा अंगणातल्या गटारात झटकू नकोस, कचऱ्यात टाक.

सुकट | संध्याकाळी ५:२०

मला सकाळपासून हा धागा वाचताना वलगण आठवतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रायगडात आमच्याकडे मृगाचा पहिला दणका बसला, ओहोळ भरून शेतात पाणी शिरलं, की गोड्या पाण्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात. शिवडा, मळ्या, मरळ. तेच वलगणीचे मासे, देशावर चढणीचे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन अख्खा गाव बांधावर. माझे मामा बांधाच्या तोंडाला बांबूची बोयरी लावून बसायचे. पाण्याचा आवाज एकदम बदलायचा, खळखळीत फडफड मिसळायची. मामा म्हणायचे, "आले". मग एक तास कोणी कोणाशी बोलायचं नाही.

पाणकावळ्याच्या ओढ्यातली वेळ तीच आहे बघा. कोरडे दिवस, मग पहिला मोठा पाऊस, पाणी वाढतं, मासे वर निघतात. आणि रस्त्यावर साठलेलं सगळं त्याच पाण्यातून खाली येतं. मासे वर, घाण खाली, एकाच रात्री. आमच्या गावाशेजारून आता चौपदरी रस्ता गेलाय, बांध उरलेत निम्मे. वलगण कमी झाली ती टायरमुळे म्हणत नाही. भराव, शेतातली औषधं आणि आम्ही स्वतः. अंड्यांनी भरलेला मासा चविष्ट म्हणून आम्हीच तो धरत आलो. लहानपणी कोणी सांगितलं नाही.

आजोबा६२ | संध्याकाळी ५:३५

सुकट, फार सुरेख. शिवड्यांचं कालवण कसं करायचे मामी?

सुकट | संध्याकाळी ५:४१

आजोबा, चिंच, लसूण, हिरवी मिरची, हळद, वरून कच्चं तेल. खोबरं अजिबात

संपादक | संध्याकाळी ५:४५

पाककृती कृपया पाककृती विभागात. हा धागा पर्यावरण विभागात आहे.

वेंधळा | संध्याकाळी ५:४७

संपादक, अजिबात घालायचं की अजिबात नाही घालायचं एवढं तरी कळू द्या.

मावळतीकर | संध्याकाळी ७:३०

मूळ मुद्द्याकडे. टायर बदलेपर्यंत काय करायचं याचं उत्तर शेवंतीने सांगितलेल्या २०१६ च्या कामातच होतं, पण ते कोणी उचललं नाही. तेच जीवघेणं पाणी त्यांनी मातीतून गाळलं. ६० टक्के वाळू, ४० टक्के कंपोस्ट, बस. गाळलेल्या पाण्यात एकही कोहो मेला नाही. तेव्हा विष कोणतं हेही माहीत नव्हतं, पण उतारा सापडला होता.

सिएटलमध्ये अरोरा पुलाखाली फ्रीमाँटला याच तत्त्वावर उतरते वाफे केलेत. पुलावरचं पाणी पाइपातून आधी वाफ्यांत येतं, माती-मुळांतून मुरतं, मग तळ्याकडे जातं. मी पाहून आलोय. बघणाऱ्याला नुसती झुडपं दिसतात. दोन ब्लॉक चालून गेलो तेव्हा कळलं की ज्याच्यासाठी आलो ते मागेच राहिलं.

तिरकस | संध्याकाळी ७:५२

एवढं सोपं असेल तर शहरभर का नाही केलं?

मावळतीकर | रात्री ८:०४

जागा, पैसा आणि वाफ्यातला गाळ उपसणारा माणूस. तिन्ही मनपाकडे मागून बघा, इथे काय आणि तिथे काय.

पाणकावळा | पुढचा शनिवार, दुपारी ४:१५

धागा सुरू करून आठवडाभर गायब होतो, माफी. टायर बदलले. दुकानात काउंटरवरच्या पोऱ्याला विचारलं, ६पीपीडीशिवाय काही आहे का? तो म्हणाला, "या महिन्यात विचारणारे तुम्ही तिसरे, तिघंही वेस्ट सिएटलचे." नाही म्हणाला, मग नायट्रोजन भरू का म्हणून विचारलं. रबरी_शिक्का यांचा शब्द खरा ठरला. शेवटी जास्त मैल टिकणारे घेतले, हवा दर पंधरा दिवसांनी तपासायची ठरवलीय (कमी हवेचे टायर जास्त झिजतात असं त्याच पोऱ्याने सांगितलं). गाडी अंगणात धुणं बंद, ते पाणी थेट गटारात जातं.

आज लेकीला कारकीक पार्कला नेलं होतं, पायपर्स क्रीकवर. तिथे चम आहेत. शेवंती म्हणाली तसंच, तोच पाऊस, तसाच शहरातला ओढा, आणि चम वीतभर पाण्यात पाठी उघड्या टाकून एकमेकांना ढकलत वर चाललेले. लेक एक तास कठड्यावरून हलली नाही.

सुकट | दुपारी ४:३२

छान. पण पहिल्या दिवशीच्या त्या कोहो मादीचं पुढे काय झालं? पोट चिरून ओढ्यातच ठेवली म्हणालात. पुन्हा गेलात का?

पाणकावळा | दुपारी ४:५०

दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. नव्हती. रॅकूनने नेली असणार, काठच्या चिखलात लहान मुलाच्या पंजांसारखे ठसे होते. दगडाच्या खोबणीत चार-पाच अंडी राहिली होती. ती लेकीने मोजली आणि मला वहीत लिहायला लावली.